प्रबंध : नोंदणीपासून शेवटच्या पानापर्यंत

(जिल्हा ग्रंथोत्सवात, संशोधन करणाऱ्या शिक्षक व शासकीय कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



पीएच.डी.च्या प्रबंधलेखनाविषयी बोलण्यास मला पाचारण करण्यात आले, तेव्हा प्रथम आश्चर्य वाटले. मी कला शाखेचा साधा पदवीधर. आयुष्याची वीस-बावीस वर्षे शासनाच्या माहिती खात्यात बातम्या, लेख आणि पुस्तिका लिहिण्यात गेली. प्रबंध मी लिहिलेला नाही. तथापि एक प्रबंध अपुरा राहताना मी अगदी जवळून पाहिला आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर आपल्यासमोर उभा आहे.

माझे थोरले बंधू कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापक होते. १९९८ साली त्यांनी आमच्या भागातील आठवडे बाजारांवर प्रबंध लिहिण्यासाठी नोंदणी केली. पुढील अकरा वर्षे त्यांचे रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या बाजारांच्या गावी गेल्या. ग्रामपंचायतींच्या दप्तरातील बाजार-लिलावाच्या नोंदी, जुन्या व्यापाऱ्यांच्या मुलाखती, बैलबाजार कधी बसला आणि कधी उठला याच्या हकिकती, असे सारे त्यांनी कार्डांवर सुवाच्य अक्षरात उतरविले. बुटांची सहा खोकी कार्डांनी भरली. घरी आलेल्या पाहुण्याने प्रबंध कोठवर आला असे विचारले की दादा म्हणत, "साहित्य जमते आहे." काही वर्षांनी पाहुण्यांनी विचारणे सोडले, आणि दादांना त्याचे बरेच वाटले असावे.

दादा आळशी नव्हते, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. उत्साहाचीही त्यांच्यापाशी वाण नव्हती. सर्व माहिती हाती आल्यावरच लेखणी उचलावयाची, असा त्यांचा निश्चय होता, आणि सर्व माहिती कोणाच्याच हाती कधी येत नाही. त्यांच्या खोक्यांत एका बाजाराच्या लिलावाचे आकडे वर्षवार आहेत. शेजारचा बाजार कशामुळे मोडला याविषयी एकही कार्ड नाही. दहा पाने लिहावयास घेतली असती तर ही उणीव पहिल्याच आठवड्यात लक्षात आली असती. लिहू लागल्यावाचून आपणांस काय ठाऊक नाही ते कळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दाखविण्यासारखे काही नाही, म्हणून दादा मार्गदर्शकांकडे जाण्याचे टाळू लागले. जाणे टळल्यामुळे काम अडले, आणि काम अडल्यामुळे जाण्याचा संकोच वाढला. पुढे मार्गदर्शक निवृत्त झाले. नोंदणीची मुदत संपल्याचे पत्र आले, ते दादांनी घडी करून खिशात ठेवले. घरात त्या विषयावर पुन्हा कोणी बोलले नाही. २०१९ साली दादा गेले.

याच्या उलट एक उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र त्याकडे प्रबंधलेखनाच्या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान, त्यातील ग्रंथांसह, महायुद्धात पाणतीराचा हल्ला होऊन बुडाले. निराश होण्यास एवढे पुरेसे होते. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती : चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळविली होती. आपण कार्यालयीन माणसे. मुदतवाढीची परवानगी वेळेवर मागण्याचे महत्त्व आपल्याला अधिक सांगावयास नको.

मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. त्यांत शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राची उसनवारी यांची भर घालून १९२० मध्ये ते लंडनला परतले. पुढच्या वर्षी एम.एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी सादर केला, आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणावा असे कळविले. हातातील पैसा संपला होता. बाबासाहेब मुंबईस आले, येथे बसून त्यांनी फेरलेखन केले, ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा धाडला, आणि नोव्हेंबरात तो मान्य झाला. डिसेंबर १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्धही झाला. निष्कर्ष कायम ठेवून त्यांनी मांडणी तेवढी बदलली, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.ची हकिकत आणखी लांब आहे. तेथील अभ्यास १९१६ मध्ये संपला, प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. हे दोन्ही ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात प्रकाशित केले आहेत.

बाबासाहेबांच्या बुद्धीशी आपली तुलना करण्याचे कारण नाही. मी बोट ठेवतो ते प्रबंध परत आला त्या मार्च महिन्यावर. त्या वेळी खोकी माळ्यावर टाकणे सोपे होते. टिपण परत आले की आपण कार्यालयात काय करतो? शेरे वाचून दुरुस्त करून पुन्हा सादर करतो. प्रबंधाचे प्रकरण परत आले म्हणजे मात्र तो आपल्या योग्यतेवरचा निकाल समजून महिनामहिना त्याला हात लावीत नाही.

आता नियमांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा काळ आहे. पुनर्नोंदणीने दोन वर्षे, आणि महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षे मिळू शकतात. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची असते. या बैठकीला अनेक जण भितात. दादांच्या काळी अशी सक्ती असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अंशकालीन पद्धतीने संशोधन करणाऱ्या कर्मचाऱ्यास कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कर्तव्य सांभाळून संशोधनास पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात लिहावयाचे असते. या सभागृहात अशा प्रमाणपत्रांवर सह्या करणारे अधिकारीही बसले आहेत. सही करताना हे वाक्य आपण वाचतो काय, एवढाच माझा त्यांना विनम्र प्रश्न आहे.

राहिली रोजची शिस्त. नोकरी आणि घर सांभाळून सलग दोन महिने मोकळे मिळतील, ही आशा सोडून द्यावी. माझ्या परिचयातील एक शिक्षिका पहाटे स्वयंपाकघरातील दिवा लावून पाऊण तास लिहीत असत. पाणी आले की उठत. त्यांची एक सवय मला फार आवडली. उठताना त्या वहीत उद्याचे पहिले वाक्य अर्धे लिहून ठेवीत. दुसऱ्या दिवशी कोठून सुरुवात करावी या विचारात वेळ जात नसे. पाच वर्षांत त्यांचा प्रबंध पूर्ण झाला.

टिपण घेताना ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक त्याच क्षणी लिहावा. शेवटच्या महिन्यात एका पृष्ठांकासाठी दुसऱ्या जिल्ह्यातील ग्रंथालय गाठावे लागलेले संशोधक मी पाहिले आहेत. मराठीत लिहिणाऱ्यांनी युनिकोडमध्येच टंकलेखन करावे; जुन्या टंकांत केलेली प्रकरणे संगणक बदलताच चिन्हांचा ढीग होऊन बसतात. मजकुराची एक प्रत घराबाहेर ठेवावी. जहाजे आता बुडत नसली तरी संगणक बंद पडतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर आपल्या विषयाजवळचे दोन-तीन मान्य झालेले प्रबंध आरंभीच चाळावेत. त्यांतील काही बेताचेच असतात, आणि ते पाहून जीव थोडा हलका होतो, हाही एक लाभच.

येथे पंचायतींचे सदस्यही उपस्थित आहेत. आपल्या दप्तरातील नमुना आठची वही, ग्रामसभेची इतिवृत्ते, बाजार-लिलावाची नोंद ही संशोधकाला सोन्यासारखी असते. एखादी मुलगी वही घेऊन दारात आली तर तिला ग्रामपंचायत अधिकारी नाहीत, पुढच्या सोमवारी या, असे सांगून परत पाठवू नये. तिचे भाडे आणि दिवस दोन्ही वाया जातात. दादांच्या कार्डांपैकी कितीतरींवर कोपऱ्यात लिहिले आहे : "दप्तर बंद. पुन्हा येणे."

दादांची सहा खोकी मी आज सोबत आणली आहेत. बाहेरच्या टेबलावर, ग्रंथप्रदर्शनाच्या शेजारी ती मांडली आहेत. आठवडे बाजार, ग्रामीण व्यापार किंवा पंचायतींचे उत्पन्न या विषयांवर कोणी काम करीत असेल तर त्यांनी ती अवश्य पाहावीत, हवी ती कार्डे उतरवून घ्यावीत. कार्डे गावांच्या नावांनुसार लावलेली आहेत. पाहून झाल्यावर ती त्याच क्रमाने ठेवावीत, एवढी विनंती आहे.