जुनी मोटार देताना
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोटारीच्या व्यवहारातले हिला काय कळते, असे कुणाला वाटेल. पण घरचा हिशेब आपणच ठेवतो आणि गाडीचा हप्ता त्याच पैशांतून जातो, म्हणून बोलते.

आमच्या धाकट्या जाऊबाईंचा पर्यटकांची ने-आण करण्याचा धंदा. यंदा त्यांनी जुनी गाडी देऊन नवी घेतली. जुनीचे २ लाख मिळाले. महिन्याने तीच गाडी त्याच दुकानात २ लाख ६० हजारांना लावलेली त्यांनी पाहिली. "आमका लुटल्यानी गो!" म्हणत घरी आल्या.

माझ्या मते हे अर्धेच खरे. आपल्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तिथे टोपली घेणारी बाई तोच बांगडा बाजारात चढ्या भावाने विकते. मधला बर्फ तिचा, रिक्षाभाडे तिचे, न खपलेला मालही तिच्याच अंगावर. तिला आपण लुटारू म्हणत नाही. (घासाघीस करतो, ती गोष्ट वेगळी!) मोटारीच्या व्यापाऱ्यालाही टायर-बॅटरी बदलावी लागते, आपल्या खाऱ्या वाऱ्याने खालून गंजलेला पत्रा नीट करावा लागतो, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत पैसा अडकून पडतो. वर खरेदी-विक्रीतल्या फरकावर सरकारचा १८ टक्के कर. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीला भाव कोण देणार?

मग परस्पर विकावी का? पैसे जास्त मिळतात खरे, पण ओरोसच्या आर.टी.ओ. कार्यालयात नाव बदलून घेतल्याशिवाय गप्प बसू नये. गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

आता उरलेले अर्धे. जाऊबाईंचा कागद मी दोनदा वाचला. जुनीची किंमत, नवीवरची सूट, विमा, सामान आणि हप्ता, सगळ्याची एकच खिचडी! "तुमच्यासाठी जुनीचे २० हजार वाढवले," असे त्यांना सांगितले होते. आधी कबूल केलेल्या सुटीतून तेवढेच कमी झाले होते. हप्ता हलका दिसावा म्हणून ५ वर्षांच्या कर्जाची ७ वर्षे केली. त्या २ वर्षांचे व्याज कोण भरणार? विमाही तिथलाच घ्यायला लावला. वास्तविक तो कुठूनही घेता येतो.

तेव्हा आधी नवीची किंमत पक्की करून लिहून घ्यावी. घरात जुनी गाडी आहे हे तोवर बोलूच नये. मग जुनीचा भाव कुडाळ, कणकवली अशा दोन-तीन ठिकाणी विचारावा. हप्त्याची गोष्ट सर्वांत शेवटी. आणि सहीपूर्वी ज्यांना कागद दाखवायचा असेल त्यांनी तो मंडळात घेऊन यावा. दोघी-तिघी बसून बेरीज करू.