त्वचेच्या वाटेनं औषध



आई तुळजाभवानीच्या आणि संत गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात आपलं मनापासून स्वागत. जानेवारी 2020 मध्ये आमच्या शहरात 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आज औषधनिर्माणशास्त्राची मंडळी दारी आली, हा आनंदही तेवढाच मोठा.

त्वचेतून औषध देण्याचा विषय आम्ही आग्रहानं निवडला. या शास्त्रात जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं, ते डॉ. समीर मित्रगोत्री शेजारच्या सोलापूरचे. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकून ते अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. कमी वारंवारतेच्या ध्वनिलहरींच्या मदतीनं इन्सुलिनही त्वचेतून पार नेता येतं, हे त्यांनी सहकाऱ्यांसह 1995 मध्ये दाखवलं. त्वचेवरचा मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटरचा, पण साधारण 500 डाल्टनहून मोठ्या रेणूला तो सहसा आत घेत नाही. इन्सुलिनचा रेणू सुमारे 5800 डाल्टनचा!

विजेची वाट 1993 मध्ये प्रॉस्निट्झ, लँगर, वीव्हर आदी संशोधकांनी मांडली. मिलिसेकंदांचे विद्युत स्पंद दिले की त्या थरातल्या स्निग्ध पदरांत पाण्याच्या सूक्ष्म वाटा उघडतात. काही रेणूंचं वहन त्यांच्या प्रयोगांत 10,000 पटींपर्यंत वाढलं.

शोषण वाढवणाऱ्या रसायनांची अडचण वेगळी. रसायन जितकं जोरकस, तितकी कातडीची आग. मित्रगोत्रींच्या गटानं 2004 मध्ये असंख्य मिश्रणं तपासून अशा मोजक्या जोड्या शोधल्या, की आग न होता हेपारिनसारखे मोठे रेणू आत जातील. मला हे काम फार मोलाचं वाटतं. जिथं वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्या आरोग्य उपकेंद्रात मलम चालेल, यंत्र अडेल. आणि दोन्ही एकत्र वापरले, तर कमी विद्युतदाबाच्या स्पंदांवरही भागू शकतं.

संशोधक मित्रहो, एक विनंती आहे. उन्हातान्हात राबून राठ झालेली कातडी आमच्या शेतमजुरांची आहे. त्यांच्या पूर्ण संमतीनं तीही तुमच्या चाचण्यांत येऊ द्या, आणि औषधाची किंमत ठरवताना त्यांची मजुरी ध्यानात ठेवा.