तपास कुणाचा?

(तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मला रहस्यकथा आवडतात. इंग्रजीत त्यांचा एक प्रकार आहे. त्यात खरीखुरी लेखिकाच डिटेक्टिव्ह असते. १९९६ साली स्टेफनी बॅरन यांनी कादंबरीत जेन ऑस्टेनला तपासाला लावलं. जेन ऑस्टेनने घराघरांतली माणसं बारकाईने पाहिली होती. तीच नजर तिथे कामी येते.

मराठीत अशी कादंबरी लिहायची तर डिटेक्टिव्ह कोण? मी म्हणेन, ताराबाई शिंदे. आपल्या शेजारच्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या. आणि त्यांच्यासाठी प्रकरण रचायलाही नको.

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, काळं पाणी आलं. वर्तमानपत्रांतून साऱ्याच बायकांच्या चालीवर तोंडसुख घेतलं गेलं. कोर्टाच्या लेखी प्रकरण संपलं होतं.

ताराबाईंनी ते पुन्हा उघडलं. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. विधवेला पुन्हा लग्नाची बंदी कुणी केली? तिला नादी लावणारा कसा सुटतो? बायकांवरचा एकेक आरोप घेऊन त्यांनी तो पुरुषांच्या वागण्याशी ताडून पाहिला. तपास म्हणजे आणखी काय असतं? टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं.

हे सगळं मी एम.एस.डब्ल्यू.ला असताना वाचलं होतं. तरीही चुकले. एका गावात उकिरड्यावर नवजात मूल सापडलं. सगळ्यांचा एकच शोध : कुणाची पोर दिवसांत होती? त्या मुलीशी मी दोन तास बोलले. वय, शिक्षण, घरची परिस्थिती, सगळं लिहून घेतलं. रात्री टिपण वाचलं, तर त्यात तो पुरुष कुठेच नव्हता. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून एवढंच सांगते. असं प्रकरण आपल्याकडे आलं, तर आधी तिला धीर द्या, दवाखान्यात न्या. ती बोलेल तेव्हा ऐका. पण गावाने तिच्याकडे बोट दाखवलं, की चारचौघांत मोठ्याने विचारा : तो कुठे आहे?