अमानत आणि आपला भरवसा
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)





पैशाची गुंतवणूक आणि मोबाईलवर होणारी फसवणूक या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेच्या चिटणिसांनी केली तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी काही विद्वान नाही. बँकेत ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला एक सामान्य माणूस आहे. पण नकाराचे खरे कारण निराळे होते. ते सांगितल्यावाचून पुढे बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

२०१७ सालची गोष्ट. माझे खालू कुवेतमध्ये एका गोदामात २२ वर्षे राबले. नोकरी सोडताना हिशेबाचे जे पैसे मिळाले, त्यांतले ४ लाख रुपये त्यांच्या पश्चात खालाने नातीच्या शिक्षणासाठी राखून ठेवले होते. त्या सुमारास आमच्या भागात 'हलाल गुंतवणूक' या नावाची एक योजना आली. एक लाख ठेवा, दरमहा ३ हजार रुपये 'नफा' घ्या, मुद्दल हवे तेव्हा परत. एजंट आमच्याच नात्यातला, नमाजी, वागायला सालस. एका लग्नाच्या गडबडीत खालाने मला बाजूला घेऊन विचारले, "अरे, तू बँकेतला माणूस. ठेवू का पैसे?" मला शंका होती. परंतु तो एजंट चार हातांवर जेवायला बसला होता, त्याचे वडील माझ्याशेजारी उभे होते. मी म्हणालो, "लोक तर ठेवताहेत." हे काही उत्तर नव्हे. पण खालाने त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि तिचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही.

१४ महिने दरमहा १२ हजार रुपये आले. पंधराव्या महिन्यात कार्यालयाला कुलूप लागले. नातीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. फी भरता आली नाही, एक वर्ष बुडाले. खाला मला रागाने एक शब्दही बोलली नाही. उलट म्हणाली, "निदान चौदा महिने नफा तरी मिळाला."

हा 'नफा' म्हणजे काय, ते विद्यार्थी मित्रांनी वहीवर मांडून पाहावे. १२ हजार गुणिले १४ म्हणजे १ लाख ६८ हजार. दिलेले ४ लाख, आलेले १ लाख ६८ हजार. म्हणजे नफा एक पैचा नाही. खालाचेच पैसे, किंवा तिच्यानंतर ठेवणाऱ्या एखाद्या शेजारणीचे पैसे, तिला हप्त्याहप्त्याने परत मिळाले आणि २ लाख ३२ हजार बुडाले. दरमहा शेकडा ३ या दराने स्वतःचे मुद्दल अंगावर यायलाच जवळजवळ ३४ महिने लागतात. तोपर्यंत 'मला नियमित मिळते' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, आणि घोटाळा नेमका तेथेच आहे. योजनेची जाहिरात लबाड माणसे करीत नाहीत, तुमच्याआमच्यासारखी प्रामाणिक माणसे करतात. त्या एजंटचेही स्वतःचे २ लाख गेले. आज तो गावात तोंड दाखवीत नाही.

आता 'हलाल' या शब्दाविषयी. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे व्याज नको म्हणून मुदत ठेवीकडे वळत नाहीत. त्या भावनेचा मी आदर करतो. पण परिणाम असा होतो की गल्फहून आलेला पैसा खात्यात किंवा कपाटात पडून राहतो, आणि त्याचीच वाट पाहत कोणी तरी बसलेला असतो. भागीदारीचा शरीयतचा नियम तरी काय सांगतो? एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतील, तर नफा ठरल्या प्रमाणात वाटावा आणि तोटा आला तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याने सोसावा. म्हणजे जो म्हणतो की धंदा मंदीत असो वा तेजीत, तुमचे ३ हजार ठरलेले आणि मुद्दल शाबूत, तो आपल्याच तोंडाने सांगत असतो की ही भागीदारी नाही. मौलवीसाहेबांना विचारायला जाण्याआधीच हे कळायला हवे होते. मला कळले होते, आणि मी गप्प बसलो.

असे फक्त आपल्याच समाजात घडते असे मात्र समजू नका. १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरी चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने ४५ दिवसांत शेकडा ५० नफ्याचे आश्वासन दिले. तो इटलीहून आलेला आणि इटलीहून आलेल्या कष्टकऱ्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. टपालाच्या कूपनांचा व्यापार करतो असे तो सांगे. प्रत्यक्षात तेवढी कूपने जगात फिरतच नव्हती. २००८ साली न्यूयॉर्कला बर्नार्ड मॅडॉफ पकडला गेला, तेव्हा ज्यू समाजाच्या धर्मादाय संस्था आणि एक विद्यापीठही त्याच्याकडे पैसे ठेवून बसले होते. तोही ज्यूच. जो तो आपल्याच माणसांत हात घालतो, कारण तेथे चौकशी होत नाही.

२०१९ च्या जून महिन्यात बंगलोरला हलाल गुंतवणुकीच्या नावावर चालणारी एक मोठी संस्था बंद पडली. तिचा प्रमुख दुबईला निघून गेला आणि जुलैत परतल्यावर दिल्लीत पकडला गेला. गोळा केलेली रक्कम सुमारे ४००० कोटी रुपये असल्याचे तपासयंत्रणांनी सांगितले. तेथील शिवाजीनगर भागातली एक सरकारी शाळाही या संस्थेने दत्तक घेतली होती. शाळेसाठी पैसा देणारा माणूस वाईट कसा असेल, असे पालकांना वाटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

येथे अध्यक्षसाहेबांची क्षमा मागून एक गोष्ट बोलतो. खालाचे पैसे नेणाऱ्या त्या योजनेचा मालक आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणा होता. त्याने संगणकांसाठी देणगी जाहीर केली. त्याला हार घालणारांत मीही होतो. आपल्या संस्थेनेही हे व्यासपीठ, ही स्मरणिका, तीतली जाहिरातीची पाने कोणाला द्यावयाची याचा विचार करावा. देणगी पाहिजेच, वर्गखोल्या आकाशातून पडत नाहीत. पण ठेवी गोळा करणाऱ्याची देणगी घेताना, ठेवी घेण्याची परवानगी तुम्हांला कोणी दिली, एवढे विचारण्यात कसला संकोच?

कारण परवानगी लागते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ साली झाला. जाणूनबुजून खोटे सांगून दुसऱ्याला अशा योजनेत पैसे भरायला लावणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर संस्थेची माहिती पाहता येते आणि तक्रारही नोंदवता येते. शेअर्सबद्दल सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे की नाही, ते सेबीच्या संकेतस्थळावर दिसते. व्याज टाळून गुंतवणूक करू इच्छिणारांसाठी दारू, जुगार, व्याजाचा धंदा आणि कर्जाने वाकलेल्या कंपन्या वगळून केलेले निफ्टी ५० शरिया यांसारखे निर्देशांक आहेत, आणि त्या तत्त्वावर चालणारे म्युच्युअल फंडही आहेत. त्यांत भाव खालीवर होतो, कधी तोटाही होतो. पण तसे ते आधी सांगतात, हेच मला त्यांतले आवडते.

आणि लिहून घ्या. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदार करण्याविषयी आहे. तरी 'आपल्या माणसाकडून कागद कसा मागायचा' म्हणून आपण लाजतो! आमच्याकडे पोलिसांत तक्रार द्यायला बोटांवर मोजण्याइतके लोक पुढे आले. निम्म्यांजवळ पावतीच नव्हती, बाकीच्यांना नात्याची भीड पडली.

आता मोबाईलकडे वळतो. येथे मुले आपल्यापेक्षा हुशार आहेत, पण पैशाच्या बाबतीत तितकीच भोळी. अनोळखी गटात सामील करून घेणे, शेअर्सचे 'खात्रीचे' इशारे देणे, बनावट ॲपवर फुगत जाणारे आकडे दाखवणे, काढायला गेलात की 'आधी कर भरा' म्हणणे, हा प्रकार आता जुना झाला. पोलिसाच्या पोशाखात व्हिडिओवर येऊन 'तुम्हांला डिजिटल अटक केली आहे' असे कोणी सांगितले, तर फोन बंद करावा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नातवंडांनी शिकवावे.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मात्र एक गोष्ट खास सांगायची आहे, कारण ती घरात कोणी सांगत नाही. कोणी मित्र म्हणेल, तुझे बँक खाते आणि एटीएम कार्ड थोडे दिवस वापरायला दे, हजार-दोन हजार मिळतील. देऊ नका. फसवणुकीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो, आणि पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारी. खाते गोठते, मुलाचे नाव गुन्ह्यात जाते, आणि पुढे नोकरीच्या वेळी किंवा पासपोर्टच्या चौकशीत तेच आडवे येते. ज्या घरातला एक तरी माणूस गल्फला जाण्याची स्वप्ने पाहतो, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे दुसऱ्या खात्यात जाऊन तेथून निघण्यापूर्वी अडवता येण्याची थोडी आशा असते. ती तासांची असते, दिवसांची नव्हे. पालकांनो, मुलगा किंवा मुलगी असे काही सांगायला आली तर पहिला आवाज चढवू नका. कर्ज देणाऱ्या बनावट ॲपवाल्यांनी फोटो पसरवण्याची धमकी दिली म्हणून मुले गप्प राहतात, आणखी पैसे भरत जातात, आणि घरात सर्वांत शेवटी कळते ते बापाला.

माझी खाला आता मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश मला दाखवते. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन आला. बिल भरले नाही म्हणून आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर बोला, असा संदेश होता. मी म्हणालो, "खोटा आहे, खाला, काही करू नकोस." तिने विचारले, "नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की."

सभा संपल्यावर मी शाळेच्या कार्यालयात बसणार आहे. कोणाजवळ योजनेचे पत्रक, पावती किंवा मोबाईलवर आलेला संदेश असेल, तर तो घेऊन या. चष्मा आणला आहे.