छपरावरचं पाणी कुणाचं?

(सावदा येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाचं पाणी साठवणं आणि वापरलेलं पाणी पुन्हा वापरणं, असा आजचा विषय आहे. तो ऐकून मघाशी दारातच एक बाई म्हणाली, "ताई, यात आम्हाला नवीन काय सांगणार? पाघोळ्यांखाली हंडे आम्हीच लावतो." तिचं खरं आहे. पहिली सर आली की घरातलं रिकामं भांडं उचलून बाहेर धावते ती बाईच. डाळ-तांदळाचं धुवण तुळशीला, धुण्याचं शेवटचं पाणी संडासात, मोरीच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ. हे आपण कुठल्या शिबिरात शिकलो नाही. म्हणून पाणी कसं वाचवावं याचा उपदेश मी करणार नाही. या पाण्यावर हक्क कुणाचा, खर्च कुणाचा आणि कष्ट कुणाचे, एवढंच मला बोलायचं आहे.

आधी हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तीनशे चौरस फुटांचं पत्र्याचं घर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. सांडणारं-उडणारं वीस टक्के सोडून दिलं तरी त्या पत्र्यावरून वर्षाला साडेपंधरा हजार लिटर पाणी खाली येतं. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज पंचवीस लिटर धरलं, तर वर्षाला नऊ-सव्वानऊ हजार लिटर लागतात. म्हणजे पुरून उरतं. हे बंगल्याचं नाही, पत्र्याच्या घराचं सांगते आहे.

मग अडतं कुठे? साठवण्यात. दहा मिलिमीटरच्या एका सरीत दोनशे लिटरचा ड्रम भरतो. बाकीचा पावसाळा गटारात जातो. मोठी टाकी हवी, पन्हाळ हवी, गाळणी हवी. त्याला पैसा लागतो आणि जागा लागते. इथे बाईची गाडी थांबते. एक मैत्रीण सांगत होती, तिने बचत गटातून कर्ज काढून पन्हाळ आणि टाकी बसवायचं ठरवलं. सासरे म्हणाले, "घर कुणाच्या नावावर आहे? भिंतीला भोक पाडायचं ते मी ठरवीन." पाणी आणायचं काम तिचं, छप्पर मात्र तिचं नाही. भाड्याने राहणारीला तर घरमालकाच्या भिंतीला खिळा मारायची सोय नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणि घरपट्टीच्या नोंदीवर बाईचं नाव लावून घ्या, असं आपण इतकी वर्षं म्हणतो आहोत. पाण्याचा प्रश्न त्याच मागणीपाशी येऊन पोचतो.

आता कायदा पाहू. २०२० साली राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय तिने बंधनकारक केली. पाचशे चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट. सावद्याच्या जुन्या गल्लीबोळात एवढी जागा किती घरांकडे आहे? तामिळनाडूने २००३ साली सगळ्याच इमारतींना ही सक्ती केली. पण गरिबाला नुसती सक्ती करून भागत नाही, हातात टाकी द्यावी लागते.

ती देता येते. ब्राझील देशाच्या ईशान्येला मोठा दुष्काळी पट्टा आहे. टँकर पाठवायचा आणि त्या बदल्यात मत मागायचं, ही पुढाऱ्यांची रीत तिथेही होती. तिथल्या शेकडो संघटना १९९९ साली एकत्र आल्या आणि २००३ पासून दहा लाख टाक्यांचा कार्यक्रम सरकारी पैशाने सुरू झाला. घराशेजारी अर्धी जमिनीत गाडलेली सिमेंटची टाकी, त्यात छपराचं पाणी. टाकी १६ हजार लिटरची. आपल्या पत्र्याच्या घराचा हिशेब आठवा, जवळपास तेवढाच आकडा आहे. यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. ज्या घराचा संसार एकटी बाई चालवते त्या घराला अग्रक्रम मिळाला. आणि अनेक ठिकाणी बायकांनी गवंडीकाम शिकून टाक्या स्वतः बांधल्या. पुरुष गवंड्यांनी आधी त्यांची चेष्टा केली, पण टाक्या उभ्या राहिल्या.

दुसरा भाग जमिनीत पाणी मुरवण्याचा. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा पट्टा आहे, तिथे पाणी भराभर मुरतं. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच डोंगराच्या पाण्यावर चालतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, जमिनीखालून बोगद्याने जोडलेल्या कुंड्यांची ही साखळी झाली आणि डोंगरात मुरलेलं पाणी उतारानेच शहरात आलं. तापीकडे खाली यावं तसे मातीत चिकणमातीचे थर लागतात. तिथे अंगणात चार फुटी खड्डा खणला तर पाणी मुरत नाही, नुसतं साचतं आणि डास होतात. वाळूच्या थरापर्यंत उतरणारी विहीर किंवा शाफ्ट लागतो, त्यावर गाळणी लागते. केंद्रीय भूजल मंडळाने शेजारच्या यावल तालुक्यात पाझर तलावांचे आणि शाफ्टचे प्रयोग केलेले आहेत. तेव्हा ठेकेदाराने गल्लोगल्ली खड्डे काढून बिल लावलं, तर आधी विचारा, खाली थर कुठला आहे?

रावेर आणि यावल तालुक्यांची नोंद भूजल सर्वेक्षणात अतिउपशाचे तालुके म्हणून झाली. हा उपसा हंड्या-कळशीने झालेला नाही. उन्हाळ्यात वाढलेल्या केळीच्या एका झाडाला ठिबकनेसुद्धा रोज साधारण पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज ७० लिटर पाणी द्यावं असं शासकीय मानक आहे. चार-पाच झाडं एका माणसाचं पाणी पितात. मी केळीच्या विरुद्ध बोलत नाही. आपल्यातल्या कितीजणी त्याच बागांत निंदणी करतात, तिच्यावर घर चालवतात. पण "पाणी वाचवा" ही पाटी फक्त मोरीवर लावायची आणि बोअरवर लावायची नाही, हे चालणार नाही.

तीच गोष्ट पुनर्वापराची. धुण्याचं पाणी संडासात वापरा, हे सांगणं सोपं आहे. पंधरा लिटरच्या तीन बादल्या म्हणजे रोज ४५ किलो वजन. ते कोण उचलणार? गरोदर सून की गुडघे दुखणारी सासू? न्हाणीतून परसात जाणारा एक पाइप हे काम विनाकष्ट करतो. पाइपला पैसे नाहीत म्हणून बाईची कंबर वापरायची, याला पुनर्वापर म्हणू नये.

एक धोकाही सांगते. छपराचं पाणी आलं म्हणून नळाची मागणी सोडायची नाही. बायका हंडे घेऊन कचेऱ्यांवर गेल्या, मृणालताई गोरेंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले, ते नळ हा हक्क आहे म्हणून. पावसाची टाकी ही नळाला जोड आहे, नळाच्या बदल्यात नाही.

तर नगरपरिषदेकडे काय मागायचं? पहिलं, सुरुवात सार्वजनिक छपरांपासून करा. पाचशे चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावरून वर्षाला २ लाख ८० हजार लिटर पाणी मिळतं. मुलींच्या संडासात पाणी नाही ही सबब मग उरत नाही. दुसरं, लहान घरांना टाकीसाठी अनुदान द्या, एकट्या बायकांना आधी. तिसरं, अनुदान घराच्या नोंदीवर बाईचं नाव लावूनच द्या. चौथं, पन्हाळ आणि टाकीचं काम बायकांना शिकवा आणि त्याची पुरी मजुरी द्या.

राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. नगरसेविका आपल्यातूनच गेलेल्या आहेत. त्यांना भेटा, सभेत हा विषय मांडायला लावा.

आणि तोवर, ज्यांना जमेल त्यांनी यंदा एक पन्हाळ बसवा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, पत्रा धुऊन निघू द्या. धाब्याच्या घराचं पाणी मातकट असतं, ते पिऊ नका, धुण्या-भांड्याला घ्या. तोंडाला दुपदरी फडकं बांधा, टाकी झाकून ठेवा, पिण्याचं पाणी उकळून घ्या. किती ड्रम भरले ते भिंतीवर खडूने मांडून ठेवा. पुढच्या बैठकीत ते आकडे घेऊन या. नगरपरिषदेत आपण त्यांच्यासकट जाऊ.