पोरांचे डायनासोर आणि आपलं शेण-गवत

आम्ही भाईंदरच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. एरवी आम्ही पापड-मसाल्याचं नाहीतर कर्जाच्या हप्त्यांचं बोलतो. आज डायनासोरचं बोलणार आहोत. हसू नका. ऐकून घ्या, कारण गोष्ट शेवटी शेणा-गवताचीच आहे.

आमची बैठक रविवारी दुपारी एकीच्या घरी भरते. तिच्याकडे पोराच्या अभ्यासासाठी हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर आहे. बाहेरच्या खोलीत आम्ही वह्या मांडून बसतो, आतल्या खोलीत आजूबाजूची चार-पाच पोरं. ती 'प्लॅनेट झू' नावाचा गेम खेळतात. इंग्लंडच्या एका कंपनीने तो 2019 मध्ये काढला. त्यात आपण प्राण्यांची बाग उभी करायची. प्रत्येक जनावराला कुंपण, पाणी, सावली, त्याच्या मानाचा चारा द्यायचा. कुठे कमी पडलं की जनावर आजारी पडतं. आपला वाघ, हत्ती, गेंडा, मोर, सुसर, सगळे आहेत त्यात.

नवे प्राणी मधून मधून येतात, त्यांचे पैसे वेगळे. ते येईपर्यंत पोरांना गप्पांशिवाय काम नसतं. आणि गप्पा कसल्या, तर डायनासोरच्या! या बागेत डायनासोर नाहीत, त्यांच्यासाठी त्याच कंपनीचा दुसरा गेम आहे. म्हणून ही पोरं तोंडानेच बाग भरवतात. कुणाला किती उंच कुंपण लागेल, कोण कुणाला खाईल, लांब मानेच्याला किती चारा पुरेल.

मागच्या महिन्यात त्या घरच्या आईने दारातून सहज विचारलं, "काय रे, एवढं मोठं जनावर खायचं तरी काय?" पोरगा मान न वळवता म्हणाला, "आई, तुला नाही कळणार."

आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्यातल्या बहुतेकींची शाळा सातवी-आठवीत सुटली. हे वाक्य प्रत्येकीने आपापल्या घरी ऐकलंय.

तेवढ्यात आमच्यातली एक बोलली. तिचं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे. ती म्हणाली, "डायनासोर ना? आमच्या तिकडच्या शेतात त्याचं शेण सापडतं. दगड झालेलं." आतली बडबड थांबली. पोरं बाहेर आली आणि तिच्याभोवती बसली.

आम्ही मग त्या गोष्टीचा पाठपुरावा केला. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या जमिनीत डायनासोरची हाडं सापडली आहेत, आणि दगड बनलेली विष्ठाही. ती साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहे. तिकडच्याच डोंगरगावला लांब मानेच्या एका डायनासोरचा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या माणसांनी तो खणून काढला. त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 2003 मध्ये त्याला 'आयसिसॉरस' नाव मिळालं.

आता शेणाचं ऐका. गोठ्यात वावरलेल्या बाईला शेण बघून कळतं, जनावराने काय खाल्लं आणि त्याचं पोट कसं आहे. शास्त्रज्ञांनी तेच केलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी पिसदुऱ्याचे हे दगड सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवत कापताना पातं बोटाला चिरतं ना? गवताच्या अंगात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात. गवत पचलं, कुजलं तरी ते कण टिकतात. तेच कण त्या दगडात सापडले. डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, असा तोवर बहुतेकांचा समज होता. 2005 मध्ये तो समज मोडला. पुढे 2011 मध्ये कळलं की त्यातलं काही गवत आपल्या भाताच्या कुळातलं होतं.

म्हणजे जगाच्या पुस्तकात जी दुरुस्ती झाली, ती आपल्या विदर्भातल्या शेणाने केली, आणि त्या कामात पुढे एक बाई होती. त्या दिवशी आईने दारातून विचारलेला प्रश्न, "खायचं तरी काय?", तोच शास्त्रज्ञांचाही प्रश्न होता.

आपला पाटा-वरवंटा ज्या काळ्या दगडाचा असतो, तोही त्याच सुमाराच्या लाव्ह्याचा. आमच्याकडून गाडीने अंधेरीला गेलं की गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या दगडाचा उभा सुळका आहे. त्याचं वयही कोट्यवधी वर्षं. पोरांना आम्ही तो दाखवून आणला. गेमच्या पैशांपुढे गाडीचं तिकीट काहीच नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आमचं सांगणं तीन गोष्टींचं.

एक, पोर अशा गप्पा मारत असेल तर "बंद कर ते" म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा. ते जनावर काय खातं, पाणी किती पितं, पिल्लं कशी वाढवतं. जनावरांचं आपल्याला कळतं. पोराला ते माहीत नसतं, एवढंच.

दोन, पैशांचं आधी ठरवा. नवे प्राणी किती रुपयांचे, वर्षातून किती वेळा घ्यायचे, हे पोराशी बसून बोला. मोबाइलचा पिन मात्र आपल्याकडेच ठेवा. आमच्यातल्या एकीच्या खात्यातून असेच पैसे गेले, ते महिनाअखेरीला कळलं.

तीन, तुमच्या शेतात हाडासारखा किंवा वेगळ्याच आकाराचा दगड निघाला तर तो फोडू नका, विकू नका, पाहुण्याला देऊ नका. जागेवरून हलला की तो कुठल्या थरातला, ते कळत नाही आणि त्याची अर्धी गोष्ट पुसली जाते. फोटो काढा, जागेवर खूण करा, ग्रामपंचायतीत सांगा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरला आहे, तिथे कळवायला सांगा. आमच्या वरोऱ्याच्या मैत्रिणीचा भाऊ पोरांसाठी दगड आणणार होता. तिने त्याला नको म्हटलं. पोरं दोन दिवस रुसली. आता मे महिन्यात तिकडेच जाऊन बघायचं म्हणतात.

नवे प्राणी अजून आलेले नाहीत. गप्पा चालूच आहेत. फरक एवढाच, की आता अधूनमधून आतून हाक येते, "मावशी, एक सांगा ना..."

येतो आम्ही. नमस्कार.