आत्मविश्वास सरावातून येतो
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलायला आम्हाला सांगितलेत, त्याबद्दल आभार. आम्ही मोठा उपदेश करणार नाही. वस्तीत एक वाक्य वारंवार कानावर पडते, त्याबद्दलच बोलू. पोरगा भरतीत दोन गुणांनी राहिला, पोरगी बारावीला गणितात अडकली, की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, आपल्याला नाही जमायचं." ऐकून ऐकून पोरंही तेच म्हणू लागतात. आत्मविश्वास ही काही जणांनाच जन्मतः मिळालेली देणगी आहे, अशी आपली समजूत झाली आहे. ती खरी आहे का, एवढेच आपण तपासू.

आपल्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव यांचे उदाहरण घ्या. आई-वडील मजुरी करणारे, घर म्हणजे ओढ्याकाठची झोपडी. जिल्हा परिषद शाळेतील विकास भुजबळ गुरुजींनी या मुलाला मैदानावर आणले. आधी धावायला लावले. पण अंगात ताकद येणार कुठून? खाण्याचीच आबाळ! तेव्हा गुरुजींनी त्याच्या खाण्यापिण्याकडेही लक्ष दिले. पुढे तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथे धावणे मागे पडले आणि हातात धनुष्य आले.

२०१९ साली नेदरलँड्समधील जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय, अतनू दास आणि प्रवीण जाधव या तिघांनी भारताला सांघिक रौप्यपदक मिळवून दिले. २०२० चे टोकियो ऑलिंपिक कोरोनामुळे २०२१ साली झाले. तिथे प्रवीण यांनी जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या रशियन खेळाडूला ६-० असे हरवले. पुढच्याच फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनने त्यांना तसेच ६-० ने हरवले. पदक हुकले. म्हणून त्यांनी धनुष्य खाली ठेवले काय? नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ते भारताच्या संघात होते.

हा खेळ जरा समजून घ्या. निशाण ७० मीटर लांब. त्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीएवढे. पहिल्या फेरीत ७२ बाण मारायचे. एक बाण चुकला तर तो परत बोलावता येत नाही. आपल्या हातात असतो तो फक्त पुढचा बाण. मागच्या बाणाचे दुःख करीत बसले, की पुढचाही जातो. अशा ठिकाणी "मला जमेल" हे नुसते म्हणून भागत नाही. हजारो बाण मारल्यावर हातालाच ते ठाऊक होते. आधी सराव, मग विश्वास. क्रम असा आहे, आणि आपण तो उलटा धरून बसलो आहोत.

बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा धम्मपदातही आहे, आणि ती चित्ताला वळण लावण्याबद्दल आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला, तोही योग्य दिशेचा, रोजचा प्रयत्न.

बाबासाहेबांचेच पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते आपल्या साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तिथे त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. पुढे लंडनचे शिक्षण, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांनीही मदत केली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. होऊनच राहिले.

पण बंधू-भगिनींनो, एक गोष्ट विसरू नका. प्रवीणला गुरुजी भेटले. पोट रिकामे ठेवून "जिद्द धर" म्हणणे सोपे आहे, पण तो पोराचा छळ आहे. मेहनत पोराने करायची, पण तिला जागा, वेळ आणि दोन घास देणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे.

म्हणून आमची विनंती अशी. रोज संध्याकाळी सात ते नऊ घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांच्या मुलांना विहारात बसू द्या. वस्तीतल्या शिकलेल्या दादा-ताईंनी आळीपाळीने त्यांच्यासोबत बसावे. नापास झालेल्या पोराला आधी बोलवा. त्याला "किती मार्क पडले?" असे विचारू नका, "आज काय केलंस?" असे विचारा. धावण्यात जमले नाही तर धनुष्य धरता येते, हे त्याला सांगा.

सगळ्यांनाच पदक मिळणार नाही. पण आजचा बाण आपण नीट मारला, हे समाधान ज्याला रोज मिळते, त्याच्या तोंडून "आपल्याला नाही जमायचं" हे वाक्य निघणार नाही. पुढच्या वर्धापन दिनापर्यंत ते वाक्य आपल्या वस्तीतून जावे, एवढीच सदिच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!